वायरमनच्या खुणा

३ मार्च, सोमवार

आधी सगळ्यांच्या तब्येती लिहून ठेवतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपायी सोळा दिवस घरात कोंडून होतो, त्यामुळे आज शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत पाय ठेवला तो एकेकाची चौकशी करतच.

"शिंपीबुवा, कंबर काय म्हणते?"

"पँट जागेवर आहे, म्हणजे कंबरही असणार."

"टेलिफोनबाई, कान?"

"उजव्यानं तुमचं ऐकते, डाव्यानं सोडून देते. प्रकृती उत्तम." एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं लोकांच्या लाइनी जोडल्यात त्यांनी. बोलण्यात कधी हरल्या नाहीत.

"वायरमन, तुझं?"

"मला काय धाड भरलीय?" म्हणून त्यानं पाठीत असा रपाटा घातला की नवा डोळा बाहेर येतो की काय असं झालं.

घरी हिचे गुडघे आहेत तसेच. वायरमनच्या बायकोचं, वहिनींचं, ब्लडप्रेशर गोळीवर चाललंय. माझा डावा डोळा नवाकोरा, उजवा जुना. सगळी मंडळी ठीक.

दुपारी तीन ते पाच आमचं पोकर चालतं. पैसा नाही, बटणं. शर्टाचं एक, कोटाचं पाच. प्रत्येकाला पाच पानं, नको असतील ती एकदा बदलायची आणि मग बटणं लावत जायचं. दम असेल त्यानं शेवटी पत्ते दाखवायचे, नसेल त्यानं आधीच मुकाट ठेवून द्यायचे. आज पहिल्याच तासात माझी बटणं संपली. वायरमन म्हणाला, "तुझा चेहरा म्हणजे दुकानाची पाटी. काय माल आहे ते रस्त्यावरूनच कळतं." सगळे हसले. मीही हसलो, पण लागलं. चाळीस वर्षं हा मला धुतोय.

५ मार्च, बुधवार

रद्दीच्या दुकानात एक चोपडी मिळाली. पोकरमध्ये समोरच्याला ओळखावं कसं, एवढाच विषय. मुखपृष्ठ गेलेलं, लिहिणाऱ्याचं नाव गेलेलं, छपाई मात्र नेटकी. मी शाळा चौथीत सोडली. जे वाचायला शिकलो ते छापखान्यात, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता. तिथं अक्षर उलटं असतं. छत्तीस वर्षं उलटं वाचून सुलटं समजून घेतलं. कागदावर उमटण्याआधी चूक मला दिसायची, हे मालकसुद्धा मान्य करायचे.

आणि चोपडीत मुख्य गोष्ट काय सांगितलीय? समोरचा जे दाखवतो त्याच्या उलटं धरा. जोरात बोलतो, बटणं आपटतो, त्याच्याकडे काही नाही. जो सुस्कारे टाकतो, पडेल तोंडानं बसतो, हात थरथरतात, त्याच्यापासून सांभाळा. त्याच्याकडे भारी पानं आहेत.

हे तर माझंच काम निघालं! इतकी वर्षं मी माणसं सुलटी वाचत बसलो.

८ मार्च, शनिवार

चोपडी म्हणते, प्रत्येकाच्या खुणा टिपून ठेवा. तारीखवार. वेगळी वही केली. आजपर्यंतच्या अशा:

शिंपी पानं बरी आली की गळ्यातली टेप नीट करतो. नक्की.

टेलिफोनबाईंचं काही सांगता येत नाही. चेहरा दगडी. लावताना "लावते" आणि ठेवताना "ठेवते", एकाच सुरात.

वायरमनच्या खुणा मात्र भराभर मिळतायत. डावा कोपर चोळतो. मध्येच जबडा दाबतो, दात दुखल्यासारखा. पानं वाटून झाली की लांब श्वास घेतो. आज दोनदा कपाळ पुसलं, पंखा चालू असताना. चारही वेळा मी पत्ते ठेवून दिले. त्याचे पत्ते अर्थातच पाहायला मिळाले नाहीत, कारण समोरच्यानं ठेवले की दाखवावे लागत नाहीत. पण माझी खात्री आहे की भारीच होते.

११ मार्च, मंगळवार

आज एक नियम करून घेतला. डावात दोघंच उरले की बाकीच्यांनी गप्प बसायचं. चोपडीत आहे तसं. टेलिफोनबाई सारख्या मधे टोमणे मारतात आणि मला समोरच्याचा चेहरा वाचता येत नाही.

"म्हणजे तुम्ही ध्यान लावणार आणि आम्ही धूप जाळायचा?" त्या म्हणाल्या.

"नियम म्हणजे नियम, बाई."

वायरमननं माझी बाजू घेतली. "करू दे हो त्याला. बिचाऱ्याला छंद लागलाय." मग सगळ्यांनी कबूल केलं. शिंप्यानं तर खडूनं भिंतीवर लिहिलंसुद्धा: दोघांच्या डावात तिसऱ्यानं बोलायचं नाही. मी शुद्धलेखन तपासलं. बरोबर होतं.

१४ मार्च, शुक्रवार

आठवड्यात पहिल्यांदा माझी बटणं वाढली! शिंप्याची टेप बघून दोन डाव वाचवले, एक जिंकला. घरी येताना शीळ घालत होतो. हिनं विचारलं, "काय, लॉटरी लागली?"

वायरमनही जिंकतोय, कारण तो कोपर चोळायला लागला की मी नांगी टाकतो. आज तो म्हणाला, "हल्ली तू माझ्याशी लढतच नाहीस. आजारी आहेस की काय?" मी मनात म्हटलं, बच्चमजी, तुझं गुपित माझ्या खिशात आहे.

जाताना टेलिफोनबाईंनी मला दारात थांबवलं. "वायरमनचा आवाज ऐकलात? लांबून आल्यासारखा येतो. वाक्य पुरं व्हायच्या आत श्वास संपतो."

"तीच तर मजा आहे बाई. तुमच्या लक्षात आलं, पण अर्थ नाही लागला." आणि मी त्यांना उलटं वाचण्याची युक्ती समजावून सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बहुतेक डाव्या कानानं.

१५ मार्च, शनिवार

रात्री हिला खुणांची वही वाचून दाखवली. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "चाळीस वर्षांचा मित्र. त्याला काय होतंय ते कळायला वही कशाला लागते? विचारा ना सरळ."

हिला खेळातलं काही कळत नाही.

१७ मार्च, सोमवार

वायरमन आज उशिरा आला. दुकानाला तीनच पायऱ्या, पण दुसरीवर बसून राहिला. बुटाची नाडी सुटली म्हणे. आत आला तो घामानं चिंब. खिशातून पोटाची गोळी काढून चघळली. "जळजळ होते रे. हिला सांगू नकोस, पथ्य सुरू करेल." ही म्हणजे वहिनी. वहीत लिहिलं: घाम, गोळी, जबडा. आज खुणांचा सुकाळ आहे.

पाच वाजता म्हणाला, "येतोस का माझ्याबरोबर घरापर्यंत?" इतक्या वर्षांत कधी म्हणाला नव्हता. माझं घर उलट्या दिशेला. मी ओळखलं, माझी युक्ती काढून घ्यायचा बेत आहे. तरी गेलो.

बाजारातून वर चढत गेलो. प्रत्येक खांबापाशी हा थांबायचा आणि मान वर करून तारांचे जोड बघायचा. "हे बघ, कसं बांधलंय. आमच्या वेळी असं काम केलं असतं तर साहेबानं खांबालाच बांधलं असतं." एकेका खांबाखाली दोन-दोन मिनिटं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी जात्याच वायरमन. गंमत वाटली. प्रेमही वाटलं.

त्याच्या फाटकाशी मला म्हणाला, "तुला एक सांगायचं होतं."

मी हसून म्हटलं, "सांग की. पण मी फसणार नाही हां."

त्यानं फाटकाची कडी काढली. मग म्हणाला, "जाऊ दे. उद्या."

उद्या खेळ नाही, दुकान बघणाऱ्या शिंप्याच्या मुलीकडे कपड्यांची गर्दी आहे, मागची खोली लागणार. परवा.

१९ मार्च, बुधवार

लिहवत नाही.

२० मार्च, गुरुवार

लिहायलाच हवं. नाहीतर मी आठवताना ते बदलून टाकीन, एवढं स्वतःला ओळखतो.

काल साडेचार झाले असतील. शिंपी गिऱ्हाईकाचं माप घ्यायला पुढे दुकानात गेला होता. खोलीत आम्ही तिघं. टेलिफोनबाईंनी पत्ते ठेवले, म्हणजे डावात मी आणि वायरमन. माझ्याकडे तीन राण्या. जन्मात इतकी चांगली पानं क्वचित आलेली.

वायरमननं एकही पान बदललं नाही. एका हातानंच सगळी बटणं पुढे ढकलली, कोटाची, शर्टाची, सगळी. म्हणाला, "आटप रे लवकर. मला बरं वाटत नाहीये. छातीवर कुणी बसलंय असं वाटतंय."

मी काय केलं? मी खुर्ची पुढे ओढली आणि त्याचा चेहरा वाचायला लागलो.

चोपडीत म्हटलंय, घाई करू नका, समोरच्याला ताटकळत ठेवा, खुणा आपोआप बाहेर येतात. आल्या. रंग उतरलेला. कपाळावर थेंब. डावा हात मांडीवर उलटा पडलेला, उजव्यानं जबडा धरलेला. श्वास छोटे छोटे. मी एकेक बघत होतो आणि मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सगळं एकदम! एवढं सोंग करतोय म्हणजे चार एक्के असतील.

टेलिफोनबाई म्हणाल्या, "अहो, पुरे करा. त्यांच्याकडे बघा तरी."

मी बोटानं भिंत दाखवली. नियम.

वायरमन म्हणाला, "घरी जातो मी." पण उठला नाही.

टेलिफोनबाई परत म्हणाल्या, "अहो." मी नजर न हलवता म्हटलं, "बाई, दोघांच्या डावात नाही बोलायचं." त्या गप्प बसल्या. नियम त्यांनी कबूल केला होता ना.

शेवटी मी तीन राण्या उलट्या करून ठेवल्या आणि म्हणालो, "नाही फसत, गड्या. तू जिंकलास. काय नाटक करतोस रे! थेटरात असायला हवा होतास."

तो हसला. हे मी शपथेवर सांगतो, तो हसला. मग त्याच्या हातातले पत्ते खाली पडले आणि त्यांच्या मागोमाग तो.

पत्ते सुलटे पडले होते. दुर्री, पंजा, अठ्ठी, नव्वी, गुलाम. रंगही वेगवेगळे. काहीच नव्हतं त्याच्याकडे. पानांकडे त्यानं बघितलंच नसावं. त्याला फक्त डाव संपवून घरी जायचं होतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून त्रास होता? वहिनी म्हणाल्या, मला तर काहीच बोलले नाहीत.  मी खिशातून वही काढली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या नातीएवढ्या. पानं उलटत गेल्या. आठ तारीख, डावा कोपर, जबडा, घाम. चौदा. सतरा, तीन पायऱ्यांत बसला, पोटाची गोळी. म्हणाल्या, "इतकं व्यवस्थित कुणी टिपलं?"

"मी."

"चांगलं टिपलंय, आजोबा. हे कुणाला तरी दाखवायला हवं होतं." रागानं नाही म्हणाल्या. वही परत दिली आणि आत गेल्या.

२२ मार्च, शनिवार

आज पहाटे वायरमन गेला. शुद्धीवर आलाच नाही.

हिनं मला पाणी आणून दिलं आणि शेजारी बसून राहिली.

२५ मार्च, मंगळवार

टेलिफोनबाई घरी आल्या. आल्या त्या दारातच उभ्या. हिनं बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"सात मिनिटं," त्या म्हणाल्या. "मी मोजली होती. सवयच आहे. तीन मिनिटांचे दोन कॉल आणि वर एक मिनिट. तेवढा वेळ तुम्ही त्यांच्याकडे बघत होतात."

मी मान खाली घातली.

"मान खाली घालू नका. मी तुम्हाला शिक्षा करायला नाही आले. मीसुद्धा तिथंच होते ना? एकतीस वर्षं कुणाचा आवाज बुडायला लागला की पहिलं काम काय करायचं, तर मधे बोलायचं. विचारायचं, हॅलो, ऐकू येतंय का? आणि त्या दिवशी मी भिंतीवरच्या खडूला घाबरले. तुमच्या नियमाला. मी! ज्या बाईनं साहेबांचा फोन मधेच तोडलाय!"

तेव्हा त्यांचा तो एका सुरातला आवाज फाटला. मी तसा आजवर ऐकला नव्हता. ही त्यांना धरून आत घेऊन गेली. मी बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. आतून रडण्याचा आवाज कुणाचा, हिचा की त्यांचा, कळत नव्हतं.

जाताना म्हणाल्या, "वहिनींना सांगणार आहात का?"

"सांगायला हवं?"

"ते मला विचारू नका."

२७ मार्च, गुरुवार

सांगायचंच असं ठरवून वहिनींकडे गेलो. घरभर खोकी. त्या पुढच्या आठवड्यात धाकट्या बहिणीकडे राहायला जातायत, दुसऱ्या गावी. एकटीनं इथं काय करू, म्हणाल्या. वायरमनची हत्यारं ओट्यावर मांडून ठेवलेली. पक्कड, टेस्टर, कातडी पट्टा. "तुम्हाला हवं ते न्या, भाऊजी." मी म्हटलं, मला कशाला, मला फ्यूजसुद्धा बदलता येत नाही. त्या हसल्या. "माहीत आहे. तुमच्या घरचा फ्यूज गेला की हे जेवण अर्धं टाकून पळायचे."

चहा झाला. मी दोनदा घसा खाकरला. त्यांनीच विचारलं, "शेवटी काय करत होते हो ते? त्रास झाला का फार?"

आणि मी म्हणालो, "नाही वहिनी. एकदम झालं. हसत होता. डाव जिंकला होता त्यानं."

एकही शब्द खोटा नाही. पण सगळं मिळून खोटं.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग कप उचलून ठेवला आणि म्हणाल्या, "हे नेहमी म्हणायचे, तुमच्या पोटात काही राहत नाही. तोंडावर सगळं लिहिलेलं असतं."

"हो, खेळात फार थट्टा करायचा त्यावरून."

"खेळाचं नाही म्हणत मी," त्या म्हणाल्या. मग माझ्या हातात एक खोकं दिलं. "एवढं खाली नेऊन ठेवता? जड आहे. परवा बाई येऊन गेल्या टेलिफोनवाल्या, त्यांनी पुष्कळ मदत केली. दुपारभर बसल्या होत्या."

खोकं खाली नेऊन ठेवलं. बाईंनी मदत केली हे बरं झालं. वहिनी मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या नाहीत. दमल्या असतील.

१ एप्रिल, मंगळवार

वहिनी बहिणीकडे गेल्या. बसवर पोचवायला शिंपी आणि ही गेली होती. मी दुखण्याचं निमित्त काढलं. खरं दुखणं नव्हतं.

शिंप्यानं भिंतीवरचं पुसून टाकलंय म्हणे. खोलीत आता अस्तराचे तागे ठेवलेत.

४ एप्रिल, शुक्रवार

झोपेतून उठून बसलो. खोकं देताना वहिनी काय म्हणाल्या, ते आज लक्षात आलं. बाई दुपारभर बसल्या होत्या. दुपारभर दोघी भांडी बांधत नव्हत्या.

वहिनींना माहीत होतं. विचारलं तेव्हाही माहीत होतं. त्यांनी मला सांगायची संधी दिली, मऊ आवाजात, चहा देऊन. आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघून त्यांना थाप मारली.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग आता तरी लिहा. कागद आहे, पेन आहे, डोळा आहे नवा."

६ एप्रिल, रविवार

पत्राचा मजकूर. उद्या टाकायचा, म्हणून इथं उतरवून ठेवतो. तीन कागद फाडले, हा चौथा.

आदरणीय वहिनी,

प्रवास नीट झाला असेल. बहिणीची, तिच्या मुलांची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? गोळी चुकवू नका. इथं हिचे गुडघे आहेत तसेच.

त्या दिवशी मी तुम्हाला अर्धवट सांगितलं. उरलेलं असं. त्यानं मला सांगितलं होतं की छातीवर कुणी बसलंय. स्पष्ट सांगितलं. मी ऐकलं. ऐकून मी सात मिनिटं त्याच्याकडे बघत बसलो, कारण मला वाटलं तो सोंग करतोय आणि मला ते ओळखता येतंय. बाईंनी मला दोनदा अडवलं. त्यांचा काही दोष नाही, मी त्यांना गप्प केलं. त्याच्या आधी दहा-बारा दिवस त्याला होणारा त्रास मी रोज लिहून ठेवत होतो, आणि रोज खूश होत होतो. दोनच दिवस आधी, सोमवारी, तो मला फाटकापर्यंत घेऊन आला आणि काहीतरी सांगणार होता. मी थट्टा केली. काय सांगणार होता ते आता तुम्ही-मी दोघंही समजू शकतो. तुम्हाला आधी सांगायचं त्याला धाडस होत नव्हतं म्हणून माझ्याकडे आला होता.

ती सात मिनिटं वाचवली असती तर तो जगला असता का, हे डॉक्टरीणबाईंना विचारायचा मला धीर झाला नाही. तुम्हाला विचारायचं असेल तर त्यांचा पत्ता खाली लिहिला आहे. जे उत्तर येईल ते मलाही कळवा.

तुम्हाला हे बाईंकडून कळलं असणार. तरी ते माझ्याकडून कळायला हवं होतं, आणि समोर बसून. ते मी केलं नाही. क्षमा मागत नाही, ती मागण्याचं तोंड नाही. तुम्हाला काय वाटतं ते मात्र मला कळायला हवं. ओळखायचा प्रयत्न मी आता करणार नाही, तुम्हीच सांगा. चार शिव्या लिहिल्यात तरी चालतील. एकच ओळ लिहिलीत तरी चालेल. पुन्हा तोंड दाखवू नका असं लिहिलंत तर तेही मानीन.

पण लिहा, वहिनी. आणि लवकर लिहा.